धुराएवढा वेळ

परवाना कन्नडात, पावती इंग्रजीत,
घासाघीस मराठीत.
गुंजीहून सकाळच्या गाडीनं आलो तिघं,
मी, आबा आणि धाकटा परशा,
बेळगावात, कॅम्पातल्या इनास फर्नांडिसच्या दुकानात.

परशाला एकच रायफल दोन्हीला हवी.
रविवारी माझ्या रेंजला,
एरवी रात्री रताळ्याच्या मळ्यात, डुकरांना.
इनासमामानं चष्मा कपाळावर ढकलला.
"पॉइंट टू-टूनं डुक्कर मरत न्हाई रे बा,
वळून नुसतं बघतंय, कोण टोचलं म्हणून.
आनि वनखात्याचा कागद? तो हाय?"
परशा भिंतीवरच्या शिंगांकडं बघत राहिला.
जुनी शिंगं, पांढऱ्या रंगात नंबर घातलेली.

तीन काढल्या मामानं, हिरव्या कापडावर.
पहिली देखणी, अक्रोडाचा दस्ता,
खरं चाप इतका जड
की ओढताना नळी हळूच मान वळवते.
दुसरी कोरी, काळी, प्लास्टिकची,
उचलली तर पावसाळी चप्पल उचलल्यागत.
तिसरी कुणा नेमबाजाच्या बायकोनं
तो गेल्यावर विकायला ठेवलेली.
दस्त्यावर एक फिकट डाग.
वीस वर्षं कुणीतरी तिथं गाल टेकून
श्वास धरला होता.

"मी हीच बघतो," म्हटलं.
(पुण्याचे कोच सांगतात, मुलीनं 'बघते' म्हणावं.
हो सर, बघते, असं मी म्हणतो.)

मामानं तिचा कागद दाखवला.
पन्नास मीटर, पाच गोळ्या.
चार अशा, की वर रुपया ठेवला तर झाकतील.
पाचवी लांब, एकटी.
"ती बंदुकीची न्हाई, माझी. शिंक आली."

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांनी हात लावला नाही, कान जवळ आणला.
ओढ, म्हणाले.
बोल्ट मागं घेतला, सोडला.
परत ओढ.
खट्. आणि त्या खट्च्या पोटात
आणखी एक बारीक.
"पुढची गोळी आपणहून घेती ही?"
घेती. बोट ढिलं केलं, परत दाबलं, की सुटती.
"मधी आपण काय करायचं न्हाई?"
काय न्हाई.

मग बराच वेळ पंखाच बोलत होता.

"आमची ठासणीची," आबा म्हणाले,
"बार काढला की पुढं नुसता धूर.
धूर बसस्तोवर आंधळ्यागत उभं ऱ्हायाचं.
एकदा बसला धूर, तर डुकराच्या जागी घोंगडं,
घोंगड्यात भैरू गुरव,
परसाकडं बसलेला.
गोळी मागच्या आंब्यात.
लई शिव्या दिल्यान. माझ्या आईला, आज्जीला,
मी आपला ऐकत उभा.
तेवढं गोड जन्मात काय ऐकलं न्हाई.
हातात दुसरी असती
तर घातली असती मी. हललं न्हवं ते."

परशानं शिंगं सोडली आणि
पहिल्यांदाच आबांकडं नीट बघितलं.

तिसरीच घेतली.
परशाला खडेबाजारात मोठी टॉर्च.
गाडीत तो ती चालू-बंद करत बसला,
समोरच्या बाईनं डोळ्यावर पदर घेतला.

आता रेंजवर पाच भरतो.
पहिली सुटते. पुढची लगेच आत येऊन बसते,
न बोलावता, पाहुण्यागत.
बोट उचलून बाजूला ठेवतो.
कागद बघतो. कागदामागची माती,
मातीमागचं गवत,
गवतात काही हलतंय का.

रेंज ऑफिसर हुक्केरीकडचा.
"याक निंतिरि?" विचारतो, का थांबलात?
हॉगि होग्लि री, म्हणतो.
धूर जाऊ दे.

तो समोर बघतो.
लख्ख ऊन पडलंय.